‘आढळले नाही’ म्हणजे किती पाण्यात, मंत्रिमहोदय?

मा. पाणीपुरवठा व स्वच्छता मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

स. न. वि. वि.

घोडबंदर रस्त्यावरील आमच्या सोसायटीच्या बोअरवेलमध्ये रेडियम हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य आहे की नाही, याची ‘सखोल तपासणी’ करून देण्याचे लेखी आश्वासन आम्हाला उन्हाळ्यापूर्वी मिळाले होते. अहवाल गेल्या आठवड्यात हाती आला. किरणोत्सर्गाच्या रकान्यात ‘आढळले नाही’ एवढेच आहे. किती पाण्यात शोधले, कशाने मोजले, निदान किती असते तर आढळले असते, याचा मागमूस नाही.

नमुना घेताना मी हजर होतो. कर्मचाऱ्याने लिटरभर पाणी बाटलीत घेतले, गढूळ दिसते म्हणून तळाचा गाळ ओतून दिला आणि आम्ल न घालताच झाकण लावले. गोड्या पाण्यातले रेडियम बरेचसे गाळाच्या कणांना धरून असते आणि आम्ल नसेल तर उरलेले बाटलीच्या आतल्या बाजूला चिकटू लागते. म्हणजे शोधायचे तेच आधी मोरीत गेले आणि मग ते आढळले नाही. (नुसता शिक्का मारून बाटली परत केली असती, तर सरकारी गाडीचे पेट्रोल तरी वाचले असते.)

आयएस १०५०० या मानकानुसार पिण्याच्या पाण्यातील अल्फा किरणोत्सर्गाची (रेडियम-२२६ हा रेडियमचा प्रकार असाच किरणोत्सर्ग करतो) मर्यादा लिटरमागे ०.१ बेकरेल आहे, म्हणजे दहा सेकंदांत सरासरी एक अणू फुटणे. इतके क्षीण काही पकडायचे तर पुष्कळ पाण्यातले रेडियम एका जागी गोळा करावे लागते. त्यासाठी ॲक्रिलिकचे तंतू पोटॅशियम परमँगनेटच्या गरम द्रावणात बुडवतात. त्यांवर मँगनीज डायऑक्साइडचा काळा लेप बसतो. गाळून घेतलेले पाणी त्यांतून सावकाश सोडले की रेडियम तंतूंवर राहते. तंतू हवाबंद करून तीनेक आठवड्यांनी रेडियमपासून तयार होऊन त्यात साठलेला रेडॉन वायू मोजला की रेडियम-२२६ चा हिशेब लागतो. स्वेटरचा धागा आणि पटकीच्या साथीत विहिरीत टाकायची ती जांभळी पूड, एवढ्यासाठीही खात्याकडे निधी नसावा?

टँकरची वर्गणी माझ्या पेन्शनचा लचका तोडते. पत्नीची हाडे ठिसूळ झाली आहेत. त्याचे खापर मी रेडियमवर फोडत नाही, पण ते कॅल्शियमसारखे हाडांत जाऊन बसते हे ठाऊक असल्याने तिला पाण्याचा पेला देताना हात थबकतो. शेजारी मला ‘रेडियमकाका’ म्हणतात. कार्यालयात मात्र मला अजून कोणी ओळखत नाही. दर वेळी नवा अर्ज.

अणुविज्ञानाचे भाभा केंद्र इथून जवळच, ट्रॉम्बेला आहे. आमच्या नळापर्यंत मात्र त्यातले काही झिरपत नाही. टोलेजंग इमारतींना परवानगी देताना चटईक्षेत्र इंचाइंचाने मोजले जाते, मग त्या मजल्यांवर राहणारे पिणार काय, हा प्रश्न टँकरवाल्यावर सोपवला जातो. रेडियम-२२६ निम्मे व्हायला १६०० वर्षे लागतात. तेव्हा फाइलीला घाई नाही, असा खात्याचा समज दिसतो.

पुन्हा नमुना घ्यावा, गाळ वेगळा मोजावा, किती लिटर पाणी कशातून सोडले ते अहवालात लिहावे. रेडियमचाच दुसरा प्रकार, रेडियम-२२८, बीटा किरणे सोडते, केवळ अल्फा मोजून ते दिसत नाही. त्याचे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य लिटरमागे ०.१ बेकरेल, म्हणजे रेडियम-२२६ च्या मूल्याचा दहावा भाग आहे. त्यासाठी स्वतंत्र रकाना हवा, आणि त्यात आकडा हवा.

आपला,
घोडबंदर रस्त्यावरील एक करदाता