ग्रंथपाल मॅडम, त्या दोन तासांसाठी

ग्रंथपाल मॅडम,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण आमच्या रत्नागिरीकडे घरटी कुणी ना कुणी आखातात आहे आणि तुम्ही मला जे शिकवलंत ते त्यांच्याही कामी यावं असं मनापासून वाटतं.

२०२५ च्या एप्रिलात मी तुमच्या विधी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आले. मी ना तिथली विद्यार्थिनी, ना सभासद. हातात भावाच्या ऑफर लेटरची झेरॉक्स आणि मोबाइलमध्ये पाच स्क्रीनशॉट. धाकटा भाऊ शारजाला एसी मेकॅनिक. मार्च २०२२ मध्ये लागला आणि बरोबर तीन वर्षांनी, नोटिशीचा काळ पुरा करून त्याने राजीनामा दिला. बेसिक १८०० दिरहम, भत्ते धरून २६००. कंपनीच्या अकाउंटंटनं त्याला सांगितलं, स्वतःहून सोडतोयस तर ग्रॅच्युइटीचा तिसरा हिस्साच मिळेल, १२६० दिरहम. मी रात्रभर नेटवर शोधलं, पाचही ठिकाणी तेच लिहिलेलं. आईला तसं सांगूनही टाकलं होतं.

तुम्ही स्क्रीनशॉट शांतपणे वाचलेत आणि एवढंच विचारलंत, "हा कायदा कुठल्या सालचा?" मला सांगता येईना. मग एका स्क्रीनशॉटच्या तळाशी, बारीक अक्षरांवर तुम्ही बोट ठेवलंत: १९८० चा ८ नंबरचा कायदा. अमिरातीच्या सरकारी कायद्यांच्या संकेतस्थळावर जाऊन तुम्ही दाखवलंत की तो कधीच रद्द झालाय. २ फेब्रुवारी २०२२ पासून २०२१ चा ३३ नंबरचा कायदा लागू आहे. राजीनामा देणाऱ्याची ती कपात जुन्या कायद्यातली. नव्याच्या ५१ व्या कलमात ती नाहीच. पहिल्या पाच वर्षांना दर वर्षामागे २१ दिवसांचं बेसिक, त्यापुढच्या वर्षांना ३० दिवसांचं. पाठकोऱ्या कागदावर तुम्ही हिशेब मांडलात: दिवसाचे ६० दिरहम, तीन वर्षांचे ६३ दिवस, एकूण ३७८०. तो कागद मी जपून ठेवलाय.

मला लगेच हाव सुटली. म्हटलं, २६०० वर का नाही धरायचं? तुम्ही स्पष्ट सांगितलंत, भत्ते यात येत नाहीत, बेसिकच धरायचं. गोड वाटेल असं काही बोलला नाहीत, आणि तुमच्यावर माझा विश्वास बसला तो त्या क्षणी.

एवढ्यावर तुम्ही मला सोडलंही नाहीत. कंपनीची नोंदणी कुठली ते आधी पाहायला लावलंत, कारण दुबईच्या वित्तीय केंद्रात नोंदलेल्या कंपन्यांना कामगार कायदाच वेगळा आणि घरकाम करणाऱ्यांनाही वेगळा. मग दुरुस्त्या. २०२१ चा कायदासुद्धा होता तसा राहिलेला नाही, २०२४ मध्ये दावा करायची मुदत एका वर्षाची दोन वर्षं झाली. ५३ व्या कलमाखाली करार संपल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात, तेही तुम्हीच दाखवलंत. आणि इंग्रजी मजकूर हे भाषांतर आहे, तंटा झाला तर अरबीच धरतात. म्हणून ईमेलमध्ये आपल्या शब्दांत अर्थ लावत बसू नका, कायद्याचा नंबर, साल आणि कलम लिहा, असं म्हणालात.

भावाने तसंच केलं. चार ओळींची ईमेल, त्यात तीन आकडे. तिथल्या कामगार मंत्रालयात तक्रार करायची वेळच आली नाही. नवव्या दिवशी ३७८० दिरहम जमा झाले.

निघताना तुम्ही एका चिठ्ठीवर आणखी ठिकाणं लिहून दिलीत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचं नॅटलेक्स, जिथे देशोदेशीचे कामगार कायदे सापडतात. ब्रिटनचं सरकारी संकेतस्थळ, जिथे कायदा मुळात कसा होता आणि आज कसा आहे हे दोन्ही बघता येतं. आपल्याकडच्या कायद्यांचं सरकारी संकेतस्थळ, इंडिया कोडही त्यात होतं. ते मला तोवर ठाऊक नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं. मी फी विचारली तेव्हा तुम्ही नुसती मान हलवलीत आणि परत आलेली पुस्तकं कपाटात लावायला उठलात.

गेल्या रविवारी शेजारच्या वाडीतल्या एक काकू आल्या होत्या. त्यांचा मुलगा कतारला, त्याचाही हिशेब अडलाय. व्हॉट्सॲपवर आलेला एक फोटो त्यांनी पुढे केला. मी आधी साल शोधलं. मग दोघींनी मिळून कतारच्या कायद्यांचं सरकारी संकेतस्थळ अल मीझान उघडलं, २००४ चा १४ नंबरचा कायदा काढला, आणि त्यात २०२० साली दुरुस्ती झाल्याचं दिसलं. त्यातलं ग्रॅच्युइटीचं ५४ वं कलम काकूंना मराठीतून वाचून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तुला हे कुणी शिकवलं गं?"

मी तुमचं नाव सांगितलं.

तुमची ऋणी,
शारजाच्या एसी मेकॅनिकची ताई