टोल्कीन यांचे युद्ध कोणते?

रविवार पुरवणीतील इंग्रज लेखक टोल्कीन यांच्यावरील लेखात त्यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीविषयी ‘अंगठी म्हणजे अणुबॉम्ब’ असे समीकरण मांडले आहे, ते पटले नाही. या कादंबरीचे लेखन १९३७च्या अखेरीस, म्हणजे हिरोशिमाच्या कितीतरी आधी सुरू झाले. शिवाय ही कथा रूपक नाही, असे त्यांनी दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत बजावलेच आहे. तिथेच ते सांगतात की, १९१८ पर्यंत एक वगळता त्यांचे सारे जिवलग मित्र मृत्यू पावले होते. युद्धाचे धागे शोधायचेच तर ते इथे शोधावेत. पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, फ्रान्समधील सोमच्या आघाडीवर ते संदेशवहन अधिकारी होते. उवांमुळे पसरणाऱ्या खंदकज्वराने ते मायदेशी परतले, म्हणूनच बहुधा वाचले! कादंबरीतील दलदलीत पाण्याखाली मृत योद्ध्यांचे चेहरे दिसतात. त्या प्रदेशावर सोमच्या लढाईनंतरच्या उत्तर फ्रान्सची छाया आहे, हे त्यांनी एका पत्रात मान्य केले होते. आणि अंगठी नष्ट करण्याची मोहीम फत्ते होऊनही ज्याची जखम दरवर्षी त्याच तारखेला ठणकते, ज्याला स्वतःच्या गावात कुणी फारसे विचारत नाही, त्या कथानायक फ्रोडोला अणुबॉम्बच्या चौकटीत कुठे बसवायचे?

– एक वाचक, सातारा