दीव बेटावरच्या वणाकबाऱ्याच्या काकांना, मेन स्वीचबद्दल

काका, सप्रेम नमस्कार.

बडोद्यात जन्मूनही माझं गुजराती लिहिणं दुकानांच्या पाट्या वाचण्यापलीकडे गेलं नाही, म्हणून पत्र मराठीत. तुमच्या सूनबाई महाराष्ट्राच्या सीमेजवळच्या उंबरगावच्या, त्या वाचून दाखवतील.

गुजरातेत दारूबंदी, दीवला नाही; त्यामुळे बडोद्याच्या दांडिया बाजारात कुणालाही ‘दीवला चाललोय’ म्हटलं की समोरचा आधी डोळा मिचकावतो आणि मग हळूच विचारतो, ‘आमच्यासाठी काही?’ आमच्या डिकीत मात्र लाकडी चौकटीवर गुंडाळलेला लूप अँटेना, वायरचं भेंडोळं आणि दोन रिसीव्हर. आणायचीच होती तर मुंबई आणायची होती, म्हणजे आकाशवाणीची मुंबई, मीडियम वेव्हवरची, 558 किलोहर्ट्झची. आणि तीही भर दुपारी.

दुपारीच का, हे तुम्ही विचारलंत नाही, तरी सांगतो. रात्री काय, कुणीही येतं. सूर्य बुडला की वातावरणातला रेडिओलहरी गिळणारा खालचा थर विरतो आणि श्रीलंकेचं पुत्तलम केंद्र 882 वर आमच्या गच्चीतही लागायचं. दुपारी जे येतं ते जमिनीला किंवा पाण्याला धरून येतं, आणि खारं पाणी कोरड्या जमिनीपेक्षा हजारपटीने चांगलं वाहक. मुंबई केंद्राच्या मालाडच्या प्रक्षेपकापासून दीवपर्यंत रेघ ओढली तर अडीचशे किलोमीटरच्या वर अंतर, आणि मध्ये जवळजवळ नुसता समुद्र. बडोद्यात दुपारी 558 वर घरघरीशिवाय काही मिळत नाही. म्हणून हा खटाटोप.

पण हे पटवायचं कुणाला? आमच्या सोसायटीच्या चेअरमनसाहेबांनी गच्चीवरची वायर ‘वीज ओढून घेते’ म्हणून कापून टाकली. मला विचारलंसुद्धा नाही. दीवच्या हॉटेलवाल्याने तर कहर केला. वायर बघून संशय आला, इथवर मी त्याच्या बाजूने. किनारा आहे, काळ तसा आहे. पण ओळखपत्रं दाखवली, रेडिओ उघडून दाखवला, हा फक्त ऐकतो, बोलत नाही, हेही सांगून झालं. त्यावर म्हणतो, ‘इससे फायदा क्या?’ आणि गच्चीला कुलूप! त्याच गच्चीवर आदल्या रात्री दीड वाजेपर्यंत डीजे चालला होता. त्याचा फायदा बहुधा सगळ्यांना कळतो.

तुम्ही अंगणात जाळं विणत बसला होतात. आम्ही घुटमळताना बघून एवढंच विचारलंत, ‘मुंबई पकडाशे?’ आणि वायरचं टोक ओढून ठेवलेल्या होडीच्या नाळेला स्वतः बांधलंत. गाठ अशी की सोडवताना माझी नखं गेली.

मग तुम्ही ते ट्रान्झिस्टरचं सांगितलंत. धुकं पडलं, किनारा दिसेना, की मुंबई लावायची आणि सेट हातात हळूहळू फिरवायचा. एका ठिकाणी आवाज पार बुडतो. तिथे सेटच्या आतली काळी कांडी मुंबईच्या रोखाने असते. ‘पुढे की मागे ते दर्यावर्दीला कळतंच,’ असं म्हणून हसलात. काका, त्या फेराइटच्या कांडीवर मी पानंच्या पानं वाचली आहेत, चौकट फिरवून शून्य, म्हणजे आवाज बुडतो ती दिशा, शोधणं हाच माझा छंद. पण त्याच्या भरवशावर होडी हाकणारा माणूस पहिल्यांदा भेटला.

आणि तरीही आमच्या रिसीव्हरवर घरघर होतीच. घरातला एलईडी दिवा, मोबाइलचा चार्जर, टीव्हीचा डबा, सगळे मिळून गुरगुरत होते. मी ते फक्त सोबतच्या मित्राला म्हणालो, मराठीत, हळू आवाजात. तुम्हाला काय ऐकू आलं कोण जाणे. उठलात, आत गेलात आणि मेन स्वीच पाडलात.

ऑक्टोबरची दुपार. पंखा बंद, नातवंडांचं कार्टून बंद. पोरांनी गलका केला तर तुम्ही नुसतं बोट वर केलंत. बांनी, म्हणजे घरातल्या आजींनी, पुठ्ठ्याने बाळाला वारा घालायला घेतला, कपाळावर आठी नाही. कशासाठी, किती वेळ, कुणी विचारलं नाही. हॉटेलला दोन दिवसांचे पैसे मोजूनही एक कुलूप उघडलं नव्हतं.

घरघर चाकूने कापल्यासारखी गेली आणि खालून मुंबई वर आली, स्वच्छ, बाईचा आवाज, मराठी. सूनबाई पिठाच्या हाताने बाहेर धावल्या, ‘अगं बाई, हे आमच्याकडे लागायचं!’ त्या उंबऱ्यातच बसल्या. कार्यक्रम संपेपर्यंत तुम्ही स्वीचला हात लावला नाहीत. लूप सरस की लांब वायर, याची टिपणं माझ्या वहीत अर्धीच राहिली आहेत आणि मला त्याचं काही वाटत नाही.

चांगुलपणा हल्ली लोक अर्ज मागवून, छाननी करून देतात. कुणाच्या वेडाची नीट ओळखही नसताना त्याच्यासाठी घामाघूम बसणारी माणसं आहेत, हे मी इथे भेटेल त्याला सांगतो आहे. चेअरमनसाहेबांनाही सांगितलं. ते म्हणाले, दीवला? आणि डोळा मिचकावला.

तुमचा तो जुना सेट भंगारात देऊ नका. बिघडलेलं काही नाही, डायलची दोरी तुटली आहे, एवढंच. दिवाळीनंतर येतो. दोरी आणि सेल मी आणतो, बांसाठी लीलो चेवडो. स्टेशन लावायची कॅपॅसिटरची चकती तेवढी पोरांना फिरवू देऊ नका.

तुमचा,
बडोद्याचा रेडिओवाला