माझ्या नावाखाली छापलेली बातमी

जि. यवतमाळ

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार.

"काऊन अडकून पडला तिथं? ये नागपूरले," असं तू लिहिलंस. फोनवर अर्धंच बोलणं झालं, म्हणून सगळं नीट लिहितो.

पेरण्या आटोपल्या आणि युरियासाठी कृषी केंद्रांपुढे रांगा लागल्या. ४५ किलोच्या गोणीवर किंमत २६६ रुपये ५० पैसे; पण गोणी हवी तर सोबत पिकाच्या टॉनिकची बाटली घ्या, नाहीतर माल संपला. हे लिंकिंग, म्हणजे एका मालासोबत दुसरा गळ्यात मारणं, तुला नवं नाही. आमच्या साप्ताहिकाच्या बातमीसाठी मी शेतकऱ्यांकडची बिलं पाहिली, ज्यांना पक्कं बिल मिळालंच नव्हतं त्यांचं म्हणणं लिहून घेतलं, कृषी कार्यालयात विचारलं. दुकानदार म्हणाले, कंपनीच आमच्या गळ्यात तो माल मारते. तेही बातमीत घातलं, कारण त्यात तथ्य आहे असं मला वाटतं.

अंक आला. पहिल्या पानावर माझ्या नावाने बातमी: तालुक्यात खताचा मुबलक साठा, शेतकऱ्यांनी घाबरू नये. बाटलीचा उल्लेख कुठेच नाही. आत त्याच केंद्रांच्या खरीप हंगामाच्या शुभेच्छांच्या जाहिराती.

बातमी लावली नसती तर मी भांडलो असतो आणि पुढच्या बातमीला लागलो असतो. बातम्या पडतात, छापल्याच जात नाहीत, ते आपण दोघांनीही पाहिलंय. पण नाव माझं आणि मजकूर दुसऱ्याचा, हे मला सहन होत नाही. ज्यानं बिल दाखवलं होतं, तो बाजारात भेटला. म्हणाला, "भाऊ, मी असं सांगतलं होतं का तुले?" त्याला काय उत्तर देणार होतो मी?

मालकांची अडचण मला दिसते. कागद महाग, शासकीय जाहिरातींची बिलं रखडलेली, वर्गणी मागायला गेलं की लोक पुढच्या महिन्यावर ढकलतात. खरीप आणि दिवाळीच्या अंकावर वर्ष निघतं. पदरमोड करून त्यांनी हे साप्ताहिक टिकवलं, याचा मला आदर आहे. पण अंकाच्या तळाशी मालक, मुद्रक, प्रकाशक आणि संपादक म्हणून एकच नाव असतं. संपादक म्हणजे मजकुराची निवड करणारा, हे वृत्तपत्रांच्या १८६७ च्या कायद्यात होतं आणि २०२३ च्या नव्या कायद्यातही आहे. आमच्याकडे संपादकाशी बोलायला जावं तर उत्तर प्रकाशक देतो. आणि जाहिरात आणायची कुणी? तीही मीच, कारण मानधन नावापुरतं आणि पोट कमिशनवर. सकाळी ज्याला प्रश्न विचारायचे, दुपारी त्याच्याकडेच पाव पान मागायचं. मोठ्या दैनिकात ही दोन कामं निदान दोन माणसं करतात.

हा विषय किरकोळ नाही. २०१७ ची कीटकनाशक फवारणी तू विसरला नसशील. आपल्या जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर विषबाधेने गेले. कोणती बाटली, किती मात्रा, कशात मिसळायची, हे बहुतेकांना दुकानदारच सांगतो. त्या काउंटरवर काय चालतं हे तालुक्याच्या पेपरने नाही लिहायचं तर कोणी?

मला आगरकर आठवतात. मॅट्रिक आपल्या अकोल्यातून झालेले, केसरीचे पहिले संपादक. कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात टिळकांबरोबर १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात राहिले, तरी सामाजिक सुधारणेवर दोघांचं जमेना. १८८७ मध्ये केसरी सोडला आणि १८८८ मध्ये सुधारक काढला. ते भांडण विचारांचं होतं आणि वाचकांसमोर झालं. माझ्याशी वाद घालायलाही कुणी बसलं नाही, याचं दुःख जास्त आहे.

मी मालकांना भेटून दोनच गोष्टी मागितल्या. बातमी नाकारायची तर बातमीतलं काय चुकलं ते सांगून नाकारा. आणि मजकुराचा अर्थ बदलणार असाल तर माझं नाव काढा. शिवाय या बातमीचा खुलासा पुढच्या अंकात हवा. ते चिडले नाहीत. "पाहू," म्हणाले. जाहिरातदार तुटले तर अंक बंद पडेल, मग तुझी बातमी कुठं छापशील, असंही म्हणाले. या प्रश्नाचं पुरतं उत्तर माझ्याकडे नाही, पण खोटी बातमी छापून अंक चालू ठेवणं हे उत्तर नाही, एवढं मी त्यांना तोंडावर सांगितलं.

म्हणून सध्या नागपूरला येत नाही. खुलासा आला नाही तर नाव द्यायचं बंद करेन, मग येण्याचं पाहू. तुमच्या डेस्कवर खुलासा कसा लिहितात, कोणत्या पानावर घेतात, त्याचे एक-दोन नमुने लवकर पाठव. सोमवारी पान लागतं, त्याआधी मसुदा त्यांच्या हातात द्यायचा आहे.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
दोस्त