पुंगलीच्या पुलावरची आपली माणसं

पुणे,
२ डिसेंबर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. शाळेत यंदा विजय दिवस साजरा करायचा आहे आणि भाषण तुझ्याकडे आलंय, हे वाचून बरं वाटलं. "दरवर्षी ढाक्यातल्या पाकिस्तानी सैन्याच्या शरणागतीचा फोटो दाखवतात, टाळ्या होतात आणि मुलं घरी जातात," असं तू लिहिलंयस. तर यंदा तो फोटो अगदी शेवटी दाखव. आधी पोरांना ११ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळची, टांगाईलची गोष्ट सांग. ती त्यांच्याच मुलखातल्या माणसांची आहे आणि ती त्यांना कुणी सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आधी नकाशा. तेव्हाचा पूर्व पाकिस्तान, म्हणजे आजचा बांगलादेश. ढाक्याच्या वायव्येला टांगाईल, त्याच्या वर जमालपूर आणि मैमनसिंग. उत्तरेत पाकिस्तानची ९३ ब्रिगेड होती. आपलं सैन्य मेघालयाकडून खाली उतरत होतं. ही ब्रिगेड माघार घेऊन ढाक्याला पोचली असती, तर राजधानीचा बचाव तेवढा भक्कम झाला असता. तिची वाट टांगाईलवरून जात होती आणि टांगाईलच्या उत्तरेला लोहजंग नदीवर पुंगलीचा पूल होता. तो पूल धरला की वाट बंद. जमिनीवरून वेळेत पोचणं शक्य नव्हतं, म्हणून आकाशातून उतरायचं ठरलं.

हे काम मिळालं २ पॅरा बटालियनला, म्हणजे पॅराशूटने उतरणाऱ्या सैनिकांच्या पलटणीला. कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल कुलवंत सिंग पन्नू. बरोबर तोफखान्याची तुकडी, वैद्यकीय पथक आणि आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्सची, म्हणजे लष्करी अभियंत्यांची, ४११ पॅरा फील्ड कंपनी, असे सगळे मिळून सुमारे सातशे जण. डमडम आणि कलाईकुंडा इथून पॅकेट, डकोटा, एएन-१२ अशी विमानं उडाली. स्वातंत्र्यानंतर आपल्या सैन्याने शत्रूच्या मुलखात एवढ्या संख्येने पॅराशूटने उतरण्याची ही पहिलीच वेळ.

दुपारी साडेचारचा सुमार. डिसेंबरातला दिवस, उजेड थोडाच उरलेला. तुझ्या पोरांना इथे जरा थांबव आणि विमानाच्या आत ने. पाठीवर पॅराशूट, छातीवर राखीव पॅराशूट, खाली बांधलेलं ओझं, हत्यार. दोन रांगा उभ्या राहतात. प्रत्येकाची स्टॅटिक लाइन, म्हणजे उडी मारताच पॅराशूट उघडणारी दोरी, वरच्या तारेला अडकवलेली, मागचा पुढच्याची नीट बसली आहे का ते बघतो. दार उघडं असतं, वारा आत घुसतो, इंजिनाच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नाही. हिरवा दिवा लागला की एकामागून एक बाहेर. थांबायला जागा नाही, कारण मागचा पुढे येतोच आहे आणि विमान दर सेकंदाला पुढे सरकतंय. एक जण अडखळला तर त्याच्यामागचे सगळे भलत्या ठिकाणी पडतात. मग मिनिटभराच्या आत जमीन. त्या मिनिटभरात हवेत लटकलेल्या माणसाला ना आडोसा, ना मागे फिरण्याची सोय. सरावात शंभर उड्या मारलेल्यालाही ते मिनिट सोपं नसणार. खाली कोण वाट बघतंय हे कुणाला ठाऊक!

खाली वाट बघत होती गावातली माणसं. कॅप्टन पी. के. घोष आधीच गुपचूप आत जाऊन बांगलादेशच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या कादेर सिद्दिकींच्या मुक्तिवाहिनीबरोबर राहिले होते आणि उतरण्याची जागा त्यांनी तयार ठेवली होती. वाऱ्याने माणसं पांगली, एका विमानातले तर कित्येक मैल लांब पडले. सामान शेतात, तळ्यांत जाऊन पडलं. पण "जॉय बांगला" म्हणत गावकरी धावले आणि दारूगोळ्याच्या जड पेट्या खांद्यावर घेऊन चालू लागले. हा भाग गाळू नकोस. ही लढाई त्यांच्या घरासाठी होती आणि आपल्या जवानांच्या बरोबरीने त्यांनीही ओझं उचललं.

रात्र पडली तेव्हा पूल आपल्या हातात होता. मग उत्तरेकडून माघार घेणाऱ्या तुकड्या पुलावर येऊन आदळू लागल्या. रात्रभर चकमकी झाल्या. समोरचेही कुणाची तरी मुलंच होती, माघारीच्या वाटेवर अडकलेली. त्यांचे फार मेले, आपलेही काही गेले. पूल मात्र सुटला नाही.

आता मी ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते. २ पॅरा म्हणजे मुळात कोण? पूर्वीची ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन. हीच पलटण दुसऱ्या महायुद्धानंतर पॅराशूट पलटण झाली, १९४८ मध्ये काश्मिरात लढली आणि पुढे पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली. आणि ५ व्या मराठाच्या याच तिसऱ्या बटालियनमध्ये होते नाईक यशवंत घाडगे! तुझ्या माणगावात ज्यांचा पुतळा आहे, ज्याच्यावरून तुझी पोरं एसटीतून रोज जातात, तेच. १० जुलै १९४४, इटलीतलं अप्पर टायबरचं खोरं. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले, म्हणजे छोट्या तुकडीतले, बाकीचे सगळे मेले किंवा जखमी झाले. पुढे जाणारे ते एकटे उरले. ग्रेनेड टाकून त्यांनी ती मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली, मॅगझिन बदलायला उसंत नव्हती म्हणून बंदुकीची नळी धरून दस्त्याने उरलेल्या दोघांशी झुंजले. ठाणं जिंकलं आणि मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तिथेच पडले. वय अवघं बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक. त्यांची समाधी नाही, त्यांचं नाव इटलीतल्या कॅसिनोच्या स्मारकावर आहे.

आणि पुढचं ऐक. १२ डिसेंबरला संध्याकाळी उत्तरेकडून येऊन पुंगलीच्या पुलावर २ पॅराला कोण भेटलं? १ मराठा, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, आपली जंगी पलटण. ब्रिगेडियर हरदेव सिंग क्लेर यांच्या ९५ माउंटन ब्रिगेडमधली. तिने आधी जमालपूरच्या मागचा रस्ता अडवला होता. तिथल्या पाकिस्तानी कमांडरला क्लेर यांनी शरण येण्याचं पत्र पाठवलं, तर उत्तराच्या कागदात गुंडाळून बंदुकीची एक गोळी आली. १० तारखेच्या रात्री पाकिस्तान्यांनी वेढा फोडून निघायचा प्रयत्न केला तो या पलटणीने मोडून काढला आणि मग ती टांगाईलकडे निघाली. इटलीत ९ एप्रिल १९४५ ला सेनियो नदीवर जखमी साथीदारांना पाण्यातून ओढून आणणारे, मग एकट्याने मशीनगनची ठाणी मोडणारे नामदेव जाधव, तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले आणि घाडग्यांसारखेच व्हिक्टोरिया क्रॉस विजेते, याच जंगी पलटणीचे.

म्हणजे बघ, घाडग्यांची पलटण आभाळातून उतरली, जाधवांची पलटण जमिनीवरून चालत आली आणि बंगालातल्या एका नदीच्या पुलावर दोघी भेटल्या. रायगड, सातारा, कोल्हापूर, बेळगावकडची माणसं परमुलखात अंधारात आपल्या बोलीत एकमेकांना हाक मारत असतील. हा विचार आला की माझा गळा भरून येतो रे. एवढी मोठी गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकात दोन ओळींचीही धनी नसावी?

पुढचं तुला माहीत आहेच. जगभरच्या वर्तमानपत्रांत अख्खी ब्रिगेड उतरल्याच्या बातम्या आल्या, पाच हजारांचा आकडा फिरला, ढाक्यातल्या सेनापतींचा धीर सुटायला त्याचाही हातभार लागला. १६ डिसेंबरला मिरपूरच्या पुलाकडून ढाक्यात पहिल्यांदा शिरणाऱ्यांत २ पॅराच होती. त्या दिवशी दुपारी तुझ्या फोटोतली सही झाली.

स्मरणाबद्दल तू विचारलंयस. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात ग्रॅनाइटवर पंचवीस हजारांहून जास्त नावं कोरली आहेत, १९७१ ची त्यांत आहेत. बांगलादेशानेही २०१७ मध्ये १,६६१ भारतीय शहीदांचा सन्मान जाहीर केला आणि काही कुटुंबांना तो दिल्लीत दिला. आपल्याकडे गावागावांत वेशीवर वीरगळ उभे आहेत, साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरीत पहिल्या महायुद्धात गेलेल्या ४६ जणांचं स्मारक आहे. मेलेल्यांची आठवण दगडावर ठेवायला आपल्याला येतं. पण पुंगलीला जो विशीत होता, तो आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे. त्यातले कितीतरी अजून आपल्यातच आहेत: कुणी शेतात, कुणी मुलाकडे मुंबईला, कुणी बँकेत पेन्शनच्या रांगेत. त्यांना कुणी काही विचारत नाही.

म्हणून भाषण लहान ठेव आणि तालुक्यातल्या माजी सैनिकांना बोलाव. अलिबागच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी केलीस तर पत्ते मिळतील. १९७१ चा कुणी भेटला तर उत्तमच, पॅराचा किंवा मराठाचा असेल तर सोन्याहून पिवळं. शाल-श्रीफळ दे, पण तेवढ्यावर त्यांना परत पाठवू नकोस. मंचावर न बसवता वर्गात, मुलांच्या मध्ये बसव. मुलांना आधी प्रश्न काढायला सांग: पहिली उडी मारताना काय वाटलं, ओझ्यात काय काय होतं, घरी पत्र कोण लिहायचं, बरोबरचा कोण परत आला नाही. शेवटचा प्रश्न मोठ्या मुलीला विचारायला सांग, हळूच. उत्तर आलं नाही तर थांबायचं, पुन्हा विचारायचं नाही. जे सांगतील ते मुलांनी वहीत उतरवून घ्यायचं, नाव-गाव-पलटणीसकट, आणि ती वही शाळेच्या ग्रंथालयात ठेवायची. कुणाची वीरपत्नी गावात असेल तर तिच्या घरी तू स्वतः जा, तिला कार्यक्रमाला चालत यायला लावू नकोस.

मी १५ तारखेला संध्याकाळच्या गाडीने येतो. टांगाईलचा मोठा नकाशा आणतो, जमालपूर ते ढाका रस्ता त्यावर लाल रंगाने काढून ठेवला आहे. १६ ला सकाळी शाळा भरण्याआधी मुलांना घेऊन घाडग्यांच्या पुतळ्यापाशी जाऊ. हार तू सांगून ठेव, पैसे मी देईन.

वहिनींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद. माजी सैनिकांपैकी कुणी हो म्हटलं की लगेच फोन कर.

तुझा,
बाळ