डबा परत पाठवू नका

ती. बाबा आणि आई,
शि. सा. न.

आधीच सांगून टाकते. मंदिरातल्या ज्येष्ठांच्या केंद्रात तुमची दोघांची नावं घातली आहेत. सोमवारपासून दुपारचा डबा येईल, सहा महिन्यांचे पैसे भरून झालेत. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात, म्हणून विचारलं नाही. रागवा, पण डबा परत पाठवू नका.

बाबा, हे फुकटचं नाही आणि दया तर मुळीच नाही. मुक्ताईनगरला दिंडीच्या पंगतीत तुम्ही इतकी वर्षं वाढलंत, समोर बसलेल्याला कधी लाचार मानलंत का? मला नोकरी सोडून भुसावळला येता येत नाही आणि तुम्हाला इथे चौथ्या मजल्यावर करमत नाही. दोन्ही आपण करून पाहिलं. डब्यात मीठ कमी घालायला सांगितलंय, आईला तांदळाऐवजी भाकरी. आल्यावर तासाभरात जेवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात वरण-भात दुपारीच आंबतो, संध्याकाळसाठी झाकून ठेवू नका.

मंगळवारी सकाळी सभामंडपात बीपी आणि साखर तपासतात. मंदिराच्या पायऱ्या चढून थेट खुर्चीत बसलात की वरचा आकडा उगाच वाढलेला दिसतो, आणि मग घरी घबराट. आधी पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकून, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नको. अर्धा तास आधी चहा नाही, तंबाखू नाही (बाबा!). लघवीला जाऊन या. पट्टा उघड्या दंडावर बांधतात. सदऱ्याची बाही वर गुंडाळून दंडाला आवळली तरी आकडा चुकतो. हात छातीच्या उंचीवर टेकवायचा, मिनिटभराने पुन्हा मोजायला सांगायचं आणि दोन्ही आकडे वहीत लिहायचे.

आई, साखरेसाठी बोट टोचण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे कर. शिऱ्याचा किंवा पेढ्याचा अंश बोटाला असला तर साखर खोटी वाढून येते. टोचायचं बोटाच्या कडेला, मधोमध दुखतं. आणि एकादशीचं डॉक्टरांना आधी विचार. साबुदाण्याने साखर चढते, काहीच न खाता गोळी घेतली तर काही गोळ्यांनी एकदम उतरते. घाम, थरथर, डोकं हलकं वाटलं की तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच पी. उपास मोडला म्हणून विठ्ठल रागावत नाही, हे तूच मला शिकवलंस ना गं?

तुझ्या पायांची मला जास्त काळजी आहे. मे महिन्यात मंदिराच्या अंगणातली फरशी दहा वाजताच तापते. साखरेमुळे तळव्यांची जाणीव कमी झाली असेल तर चटका बसलेला कळतही नाही, फोड दिसतो तो दुसऱ्या दिवशी. तेव्हा नऊच्या आत जाऊन ये. अभिषेकानंतर गाभाऱ्यासमोरची फरशी ओली असते, तिथे मोजे घालून चालू नकोस, घसरतात. काथ्याच्या पट्टीवरूनच जा, आणि रोज झोपताना तळवे बघ. वाकवत नसेल तर बाबांनी बघावेत. खाली बसायचा हट्ट नको. हाताच्या खुर्च्या भिंतीशी ठेवल्यात, हातांवर जोर देऊन उठता येतं.

बाबा, नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याचं काम मंदिरातच होईल. लोकोशेडमध्ये घासून गेलेले तुमचे अंगठे यंत्र घेत नाही, तेव्हा चेहऱ्यावरून करायला सांगा. 2021 पासून ती सोय आहे. दाराकडे पाठ करून बसू नका, मागून उजेड आला की चेहरा काळा दिसतो. उजेडाकडे तोंड करा आणि सांगतील तेव्हा पापणी मिटा. आधार, पासबुक, पीपीओ नंबर (पेन्शनच्या आदेशावरचा क्रमांक) आणि आधारला जोडलेला मोबाईल एकाच पिशवीत ठेवा. पीपीओचा एक आकडा चुकला तरी दाखला नामंजूर होतो, म्हणून नंबर स्वतः वाचून घ्या. ओटीपी समोर बसलेल्या सेवेकऱ्यालाच सांगायचा. फोनवर कुणी पेन्शनचं नाव घेऊन मागितला तर फोन ठेवून द्या.

मंदिराची मंडळी एसटीने मुक्ताईनगरला जातील तेव्हा दोघं जा. पंच्याहत्तरीच्या वर असल्यामुळे बाबांना तिकीट लागणार नाही, आईला अर्धं. आधार कार्ड जवळ असू द्या.

आणखी एक, रागावू नका. तुम्ही दोघं दोन दिवस दिसला नाहीत तर सेवेकरी घरी येऊन दार वाजवतील. एक किल्ली शेजारच्या काकूंकडे दिली आहे. तुमच्यावर पाळत नाही हो. रात्री फोन उचलला गेला नाही की मला इथे झोप लागत नाही, एवढंच. 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाईन सकाळी आठ ते रात्री आठ चालू असते, नंबर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर चिकटवा.

आई, बीपीची वही बाबांच्या चष्म्याच्या खणात ठेव, म्हणजे निघताना सापडेल. सोमवारी डब्यात काय आलं ते रात्री सांग. भाकरी जाड असेल तर तेही सांग, मी बोलते त्यांच्याशी.

तुमची,
बेबी