एफडी मोडण्याआधी

पुणे,
रविवार, दुपार

प्रिय नंद्या,

तुझं पत्र पोचलं. एफडी मोडून सेकंडहँड रोलेक्स घेतोयस, आणि कारण काय, तर 'घड्याळांच्या किमती वाढतच जातात'. हे वाक्य मी तीनदा वाचलं, मग कागद ओढला.

वाढतात रे, पण कुणाच्या? पॉल न्यूमनचं रोलेक्स डेटोना घड्याळ घे. हा हॉलिवूडचा नट मोटारशर्यतीत उतरायचा, म्हणून बायकोने घड्याळ देताना मागे 'गाडी सांभाळून चालव, मी' अशा अर्थाचे शब्द कोरून घेतले. त्या घड्याळाची डायल मोठी चमत्कारिक. आतल्या छोट्या तबकड्यांमध्ये रेघांच्या टोकाला इवलेसे चौकोन. त्या काळी गिऱ्हाइकं नाक मुरडायची, माल दुकानात पडून राहायचा. खपला नाही म्हणून फारसा बनला नाही, आणि बनला नाही म्हणूनच आज त्याच्यावर उड्या पडतात! न्यूमनने १९८४ मध्ये मुलीच्या मित्राकडे घड्याळ नाही असं पाहून आपलं काढून देऊन टाकलं. तेच घड्याळ २६ ऑक्टोबर २०१७ ला न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरच्या वर गेलं. आपले ११५ कोटी धर. यात पोलादाचे किती आणि न्यूमनच्या मनगटाचे किती, तूच सांग.

आता दुसरी बाजू. पाटेक फिलिप या स्विस कंपनीचं नॉटिलस, मॉडेल ५७११, तेही पोलादीच. २०२१ च्या सुरुवातीला कंपनीने ते बंद करत असल्याचं सांगितलं आणि लोक वेडे झाले. दुकानातली किंमत साधारण ३५ हजार डॉलर, पण दुकानात मिळेल तर शपथ. जुलैत हिरव्या डायलचं एक कोरं घड्याळ मोनाकोच्या लिलावात चार लाख युरोंच्या वर गेलं. लॉकडाऊनमध्ये साठलेला पैसा, स्वस्त कर्ज, क्रिप्टोतली कमाई, सगळं मनगटावर येऊन बसलं होतं. २०२२ च्या वसंतात व्याजदर चढू लागले, क्रिप्टो कोसळलं, आणि घड्याळंही घसरली. २०१९ मध्ये घेतलेला तरीही फायद्यात राहिला. मार्च २०२२ मध्ये घेतलेला अजून गप्प बसून असेल.

त्यात तू भारतात घेणार. इथल्या किमतीत आयात शुल्क मुरलेलं असतं, आणि स्वित्झर्लंडशी झालेल्या करारामुळे ऑक्टोबर २०२५ पासून ते टप्प्याटप्प्याने उतरत चाललंय. नवं स्वस्त झालं, तर तुझ्या जुन्याला कोण विचारतो? शिवाय विकताना डीलर आपला वाटा कापणारच. घालायला आवडतं म्हणून घेत असशील तर जरूर घे, मी स्वतः बघायला येईन. पण मुलीच्या शिक्षणाचा पैसा त्यात घालू नकोस.

आणि नवल म्हणजे, काकांचं फेवर लुबा घड्याळ तुझ्या कपाटात पडलंय त्याचं तू अवाक्षर काढत नाहीस. त्या स्विस कंपनीने १८६५ पासून मुंबईत बस्तान बसवलं होतं. काकांनी पहिल्या पगारातून घेतलेलं ना ते? त्याचे कोटी येणार नाहीत, हजारांतच काय ते. पण तेही कधी, तर डायल मूळची असेल तर. मुंबईत नव्याने रंगवलेल्या जुन्या डायलचा इतका सुळसुळाट झालाय, की परदेशातले संग्राहक अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणून हिणवतात.

हे मी ठेच खाऊन सांगतोय. बाबांचं एचएमटी जनता दुरुस्तीला दिलं, तेव्हा कारागिराने न विचारता डायल 'नवी' करून ठेवली. भिंगातून पाहिलं, तर एचएमटीतला टी शेजारच्या अक्षराला टेकलेला, मिनिटांच्या रेघा जाड, आणि बाराच्या खाली बाबांच्या वेळचा जो तपकिरी डाग होता तो गायब. त्या डागावरून मी लहानपणी ते घड्याळ ओळखायचो. कारागीर उलट कौतुकाची वाट बघत उभा!

दिवाळीला येतोयस ना? येताना ते फेवर लुबा घेऊन ये. भिंग माझ्याकडे आहे.

तुझा,
अव्या

ता. क. — पॉलिशला टाकलं असशील तर आजच परत आण. पट्टा हवा तर बदल, घड्याळाच्या धातूच्या केसला (बाहेरच्या कवचाला) हात लावू देऊ नकोस.